लेखातले गृहस्थ

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

सोबत एक कात्रण पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण या घरात फोनवर बोललेलं सगळं नानांना ऐकू जातं आणि न बोललेलंही कळतं. त्यामुळे आपलं पत्रच बरं.

झालं असं की वर्तमानपत्राच्या विचार-पानाच्या संपादकाचा फोन आला. हा माझा जुना विद्यार्थी, ज्याने माझ्या तासाला कधी वही उघडली नाही. पालिकेने आणखी वृद्धाश्रम बांधावेत की नाहीत यावर सध्या शहरात वाद पेटलाय आणि त्याला कुणीतरी 'अभ्यास असलेलं माणूस' हवं होतं. तुला माहीतच आहे, इतकी वर्षं मी समाजशास्त्राच्या नावाखाली हेच करते आहे: घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं कोण करतं, करणाऱ्या बायका नोकऱ्या कशा सोडतात, त्यांच्या पाठीचं काय होतं. त्याचा जाडजूड अहवाल झाला. तो मी आणि दोन परीक्षकांनी वाचला. परीक्षकांबद्दल मला अजून शंका आहे.

आश्रम हवेतच, असा लेख दिला तर संपादक म्हणतो, "बाई, आकडे दोनच ठेवा आणि एक माणूस द्या. माणसाशिवाय कुणी वाचत नाही." म्हणून मी माणूस दिला. एक वयस्क गृहस्थ, एके काळचे कडक, आता उजवा हात साथ देत नाही. आणि त्यांची मुलगी, जिने गेल्या कित्येक महिन्यांत एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही, कारण दर थोड्या वेळाने आतून हाक येते. तो परिच्छेद लोकांना भिडला. विद्यापीठाच्या जिन्यात एका अनोळखी बाईने माझा हात धरला आणि नुसतीच उभी राहिली. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, ते गृहस्थ मी तीन-चार घरांतली माणसं मिळून उभे केले आहेत.

नानांनी खिडकीशी बसून, भिंग धरून अख्खा लेख वाचला. "रेषा स्वच्छ आहे," म्हणाले. सरकारी नकाशे काढण्यात जन्म घालवलेल्या माणसाकडून याहून मोठं कौतुक मिळत नाही. मग दिवसभर त्यांच्या सोबतीला असणाऱ्या मावशींना पाठवून आणखी दोन अंक मागवले.

सुट्टीत येणार आहात का, विचारत होते.

ताई

२१ जानेवारी

ताई,

लेख वाचला. अभिनंदन. आमच्या तत्त्वज्ञान विभागाच्या वाचनालयात तो अंक येतो. आडनाव पाहून दोघांनी विचारलं, तुमच्या कोण. मी अभिमानाने सांगितलं.

पण मतभेद लपवत नाही. तुझ्या सगळ्या विवेचनात कोण दमतं आणि किती दमतं एवढंच आहे. बापाचं करणं हे काम नव्हे, ते नातं आहे. कर्तव्य ही अशी गोष्ट आहे की ती दुसऱ्याच्या हाती दिली की कर्तव्य उरतच नाही. हे तुला पत्रातच लिहिणार होतो, पण लिहिता लिहिता त्याचा लेख झाला, म्हणून तो थेट तुझ्या विद्यार्थ्याला पाठवला. त्याने त्याच दिवशी होकार कळवला. आपण बहीण-भाऊ आहोत हे कळल्यावर तर तो फारच खूश झाला. तू मनाला लावून घेऊ नकोस. वाद विचारांचा आहे.

एक मात्र विचारतो. तुझे ते गृहस्थ भुवया उंचावून 'बरं' म्हणतात आणि विषय संपवतात, असं तू लिहिलं आहेस. त्या तीन-चार घरांतली माणसं सगळीच असं 'बरं' म्हणतात का?

सुट्टीत येणं कठीण दिसतं. मुलांच्या परीक्षा आहेत आणि मला परिषदेत निबंध वाचायचा आहे. नानांना इकडे आणावं म्हटलं तर तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांना तू नीट समजावून सांग, तुझं ऐकतात.

धाकटा

५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा लेख रविवारी आला. 'बाप सोपवणारी पिढी' हा मथळा संपादकाचा असणार. पण मधलं वाक्य तुझं आहे: 'ज्यांना म्हाताऱ्या बापात फक्त आकडेवारी दिसते, त्यांच्या हातून पाण्याचा पेला घेताना त्या बापाला काय वाटत असेल?' सोमवारी विभागात शिरले तर चहाच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. मंगळवारी वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त न्यायाधीशांनी, माझ्यासारख्या मुली जन्माला न आलेल्याच बऱ्या, असं अतिशय सभ्य भाषेत लिहिलं.

वाद विचारांचा आहे म्हणालास ना. मग सांग, नानांच्या पायाची नखं तू शेवटची कधी कापलीस? त्यांची डावी करंगळी पार दुमडून आत गेली आहे, तिथे कात्री तिरकी धरावी लागते. माहीत होतं तुला? मी याला उत्तर लिहिलं आहे. करंगळी त्यात नाही, पण तू आहेस.

नानांनी तुझाही लेख वाचला. मावशींना मोठ्याने वाचून दाखवला आणि मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभी होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "दोघांचंही पटण्यासारखं आहे." आणि अंक घडी करून उशाखाली ठेवला. सुटले बाई. हे सगळं जगाबद्दल चाललंय अशीच त्यांची समजूत आहे.

उलट त्यांची तब्येत हल्ली सुधारली आहे. हाका जवळजवळ बंद झाल्या. पाणी स्वतः उठून घेतात, काठी टेकत टेकत बाथरूमपर्यंत एकटे जातात. परवा तर अख्खी दुपार एकदाही बोलावलं नाही. तुझ्यावरचा लेख मी त्याच दुपारी एका बैठकीत पुरा केला.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

'कर्तव्याची महती सांगणारे बहुधा दुसऱ्या शहरात राहतात.' वाक्य चांगलं आहे. इतकं चांगलं की आमच्या शिपायाने ते मलाच म्हणून दाखवलं, कुणाबद्दल आहे याची कल्पना नसताना. बायको दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होती. मग हसायची थांबली, ते जास्त वाईट.

संपादकाने आपल्या दोघांना नगरभवनात समोरासमोर बोलायला बोलावलं आहे, मार्चच्या पहिल्या शनिवारी. मी हो म्हटलं आहे. तूही म्हण, नाहीतर लोक म्हणतील पळाली. मी सकाळच्या गाडीने येईन आणि कार्यक्रम झाला की नानांना भेटायला घरी. त्यांना तिथे आणू नकोस, गर्दीत त्यांचे हाल होतील.

हो, मधे नानांचा फोन आला होता. आपणहून. कर्तव्य दुसऱ्याला देता येत नाही म्हणजे नेमकं काय, ते मला विचारत होते. बापाचंही मुलांच्या बाबतीत काही कर्तव्य असतं का, आणि म्हातारपणी ते संपतं का. मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. ते मधे एकदाही 'बरं' म्हणाले नाहीत. या वयात त्यांना तत्त्वज्ञानाची गोडी लागावी याचा मला फार आनंद झाला. तुझ्या-माझ्या भांडणातून एवढं एक चांगलं निघालं.

धाकटा

१२ मार्च

धाकट्या,

फोनवर तू ओरडलास, मग मीही ओरडले, त्यामुळे काय झालं ते तुला धड कळलेलंच नाही. नानांना मी कुठेही पाठवलेलं नाही. आता शांतपणे वाच.

नगरभवनातलं तुला ठाऊक आहे. दोघांनाही टाळ्या पडल्या, तुला जरा जास्त. शेवटी तू घड्याळ बघितलंस, लवकरची गाडी मिळते आहे, घरी पुढच्या वेळी येतो म्हणालास आणि निघालास. मी थांबवलं नाही. तासभर तुझ्याशी भांडून झाल्यावर तुला चहा करून द्यायची माझी इच्छा नव्हती.

घरी आले तर मावशी दारातच बसलेल्या, डोळे रडून सुजलेले. नाना नव्हते. त्यांच्या पलंगावरची चादर काढून घडी करून ठेवली होती. मावशींनी मग सगळं सांगितलं. मी विद्यापीठात असताना नाना त्यांना घेऊन टॅक्सीने नदीपलीकडच्या पालिकेच्या वृद्धाश्रमात जाऊन आले होते. एकदा बघायला आणि एकदा जागा पक्की करायला. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. हाच दिवस का, असं मावशींनी विचारलं तेव्हा म्हणाले, आज दोन्ही मुलं कामात आहेत, कुणाचा खोळंबा होणार नाही.

म्हणजे बापाने कुठे राहावं यावर तू आणि मी माइकसमोर एकमेकांना अडवत होतो, तेव्हा नाना मांडीवर बॅग घेऊन टॅक्सीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. एका खोलीत तीन पलंग आहेत, खिडकीजवळचा त्यांचा. ते रागावलेले असतील अशा तयारीने गेले होते, पण तसं काहीच नव्हतं. घरी चला, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू लिहिलं होतंस की हाक मारताना माणसाला संकोच वाटू नये अशी जागा असावी. मला पटलं. इथे बेल आहे. दाबली की येतात, त्यांचं कामच ते."

मी म्हटलं, तो लेख सगळ्यांसाठी होता.

"मग सगळ्यांत मीही आलोच की." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "धाकट्याचंही पटलं. कर्तव्य दुसऱ्यावर टाकता येत नाही म्हणाला. म्हणून माझं मी केलं."

मग मी खोटं बोलले. म्हणाले, नाना, त्या लेखातले गृहस्थ तुम्ही नव्हे. त्यांनी भुवया उंचावल्या.

"अगं, जन्मभर नकाशे काढले मी. गावाचं नाव खोडलं तरी नदीचं वळण ओळखू येतं."

परत येताना मी पुलावरून चालत आले. एवढे लेख छापले, एवढी माणसं टाळ्या वाजवून गेली. आपलं दोघांचंही म्हणणं मनापासून पटलेला वाचक हा एकच.

ताई

३० मार्च

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन हिंडतो आहे. उत्तर लिहायला बसलो की वाक्यं आपोआप लेखासारखी व्हायला लागतात. मग फाडतो.

तुझ्या विद्यार्थ्याने माझा लेख घेतला त्या दिवशी मी घरभर शीळ घालत फिरत होतो. इतकी वर्षं शिकवतो आहे, पण वर्गाबाहेरच्या कुणी मला कधी काही विचारलं नव्हतं. आणि तो लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नाना नव्हतेच. कुठला तरी एक बाप होता. तू निदान खऱ्या माणसाबद्दल लिहिलंस.

मी नानांना इकडे आणतो. तळमजल्यावर जागा शोधायला सुरुवात केली आहे. सध्या उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत, पण मेमध्ये सुट्टी लागली की लगेच येतो. बायकोलाही पटलं आहे.

संपादकाचा फोन आला होता. त्याला कुठून कळलं कोण जाणे. जे घडलं त्यावर दोघांनी मिळून एक लेख द्यावा, वाचक वाट बघताहेत, म्हणाला. मी फोन ठेवून दिला. तुलाही करेल.

धाकटा

२४ एप्रिल

धाकट्या,

मलाही केला त्याने. मी पुन्हा लिहिणार नाही म्हटलं, तर म्हणाला, बाई, आत्ता लिहिलंत तर सगळं शहर तुमच्या बाजूने होईल.

नाना मजेत आहेत. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं तेच आहे. अंगावर मांस आलंय. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त बसचालक आहेत, त्यांना ते डाव्या हाताने रेषा मारायला शिकवतात, स्वतःही शिकता शिकता. दोघांच्या रेषा सारख्याच वाकड्या येतात आणि दोघंही एकमेकांच्या रेषांना हसतात. बेल मनात येईल तेव्हा दाबतात. मी लेखात जे जे मांडलं होतं ते सगळं खरं ठरलं. कुणी मला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी जाते तेव्हा मला पाहुण्यासारखं बसवतात. "दमली असशील, पाणी घे." परवा नखं वाढलेली दिसली म्हणून मी पर्समधून कात्री काढली, तर पाय मागे घेतले. त्यासाठी गुरुवारी माणूस येतो, म्हणाले, तू कशाला त्रास घेतेस.

घरात आता हवी तेवढी शांतता आहे. दोन पुस्तकं वाचायला घेतली. दोन्ही अर्ध्यावर पडली आहेत.

मेमध्ये येतो म्हणालास. ये.

ताई

११ जून

ताई,

मे गेला. तळमजल्याची जागा मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलीही नाही. शेवटी गेल्या आठवड्यात आलो, नेमका तू परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होतीस तेव्हा. मुद्दाम नाही असं लिहिणार होतो, पण थोडं मुद्दामच. तुला तोंड दाखवण्याआधी मला त्यांना एकट्याने भेटायचं होतं.

नानांना म्हटलं, माझ्याकडे चला. इथे बरं चाललंय माझं, म्हणाले. मुलांची चौकशी केली. माझ्या धाकट्या मुलीच्या दाताबद्दलसुद्धा त्यांना आठवत होतं. शेवटी मी विचारलं, आमच्या लिहिण्याने तुम्हाला लागलं ना.

"लिहिलंत ते ठीकच होतं," म्हणाले. "ताईने सगळ्या शहराला सांगितलं की ती दमली. मला कधी सांगितलं नाही. मी पलीकडच्या खोलीत तर होतो."

मला वाटलं एवढंच आहे. पण थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "तू त्या दिवशी फोनवर अर्धा तास समजावलंस. मी ऐकत होतो. मला वाटत होतं, शेवटी म्हणशील, नाना, मी येतो."

ताई, त्यात राग नव्हता. पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं आणि मग मला कँटीनमध्ये घेऊन गेले, माझी सगळ्यांशी ओळख करून दिली: हा माझा मुलगा, प्राध्यापक आहे, पेपरात लिहितो. सगळ्यांनी माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघितलं. मला त्या खुर्चीत बसवेना.

तुझ्याबद्दल बोलले ते तुला कळवावं की नाही, याचा गाडीत वाटभर विचार केला. तुला लागणार हे माहीत आहे. पण हे मला एकट्याला पेलत नाही.

धाकटा

२९ जून

धाकट्या,

कळवलंस ते बरं केलंस. तुझं पत्र आलं त्यानंतर दोन रविवार मी गेले नाही. कालच्या रविवारी गेले.

वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. वाक्यं जुळवायची, खोडायची, पुन्हा जुळवायची, जुनी खोड. पोचले तेव्हा दुपार होती. बसचालक झोपले होते, नाना खिडकीशी खुर्चीत होते. मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "नाना, मी फार दमले होते."

पुढचं बरंच ठरवलं होतं, पण त्यातलं एक अक्षर आठवेना.

नानांनी वाकून डाव्या हाताने उशी सारखी केली. "मग पड जरा," म्हणाले. "मी आहे इथे."

आणि मी खरंच पडले. पाच मिनिटं पडू, त्यांना बरं वाटेल, असं वाटलं होतं, पण मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. अंगावर चादर होती. एका हाताने ती त्यांनी कशी उलगडली असेल कोण जाणे, अर्धी जमिनीवर लोळत होती. बसचालक उठून बसले होते आणि मी जागी होऊ नये म्हणून दोघं एकमेकांशी खुणांनी बोलत होते. मी डोळे उघडल्याचं पाहून नानांनी बेल दाबली आणि आलेल्या मुलीला माझ्यासाठी चहा आणायला सांगितलं.

घरी चला, असं मी म्हटलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. पाय हलवले तर चादरीखाली चपला अजून पायातच होत्या. मी गुपचूप उठून बसले आणि चहा प्यायले. भेटीची वेळ संपल्याचं त्यांनीच मला सांगितलं आणि मी घरी आले.

ताई